बिबट्याची जागा

माझं नाव न्यिको. परक्या जिभेला जड जातं,
म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, निक म्हणा.
चौदा माणसं, अकरा दिवस, एकवीस बॅगा
आणि मिसेस ओल्सेनची एक उशी,
ती मात्र त्यांच्याच मांडीवर.

केपटाउनला वारा सुटला होता. फेब्रुवारीत सुटतोच.
डोंगरावर ढग असा ऐसपैस बसला
की केबलगाडी बंद, आणि दोष माझा.
मग रंगीत घरांच्या चढावर नेलं सगळ्यांना,
निळ्या दारासमोर, पिवळ्या दारासमोर,
पुन्हा निळ्या, कारण कुणाचे तरी डोळे मिटले होते.
एका दारातून बाई बाहेर आली, पायपुसणं झटकलं,
कुणाकडे न बघता आत गेली.
तिचा फोटो कुणी काढला नाही.

फ्रान्सहुकला द्राक्षांची तोडणी चालू होती.
तिथे मॅग्डा सप्टेंबर पेले भरते.
आडनावच सप्टेंबर! पाहुण्यांना गंमत वाटते.
ती सांगत नाही, की जहाजातून उतरवलेल्या गुलामांना
मालक महिन्यांची नावं चिकटवून मोकळे व्हायचे.
ती सांगते, आधी जर्दाळूचा वास येईल, मग ओल्या दगडाचा.
पाहुणे घोट घेतात, डोळे मिटतात,
चूळ भरल्यासारखं करून बादलीत थुंकतात.
मॅग्डाच्या बापाला मजुरीतला वाटा दारूतच मिळायचा.
त्यानं कधी थेंबभरही थुंकली नाही, ती म्हणते,
मागच्या पायरीवर, मला नुसता रस देऊन,
कारण मी गाडी चालवतो.

मग कारू. दोन दिवस कारूच.
मेंढ्या, पवनचक्की, मेंढ्या.
बस झोपते.
जोहान्सबर्गच्या अलीकडे खाणींनी ओकलेल्या मातीचे
पिवळे डोंगर लागले, तेव्हा एकजण जागा होऊन म्हणाला,
हे कुठलं वाळवंट?

नवव्या दिवशी अभयारण्याचं फाटक.
वहीत लिहायचं: माणसं किती आत, किती वाजता बाहेर.
पहिल्या हरणाला बावीस फोटो.
दहाव्या हरणाला कुणी मान वळवत नाही.
हत्तीण रस्ता ओलांडते, तिच्या मागे पिल्लू, पिल्लामागे
आमचा सगळ्यांचा अडकलेला श्वास.
हे अजूनही होतं. अकरा वर्षं झाली, तरी.

नदीच्या वळणापुढे एक मारुलाचं झाड आहे.
तिथे मी इंजिन बंद करतो, आवाज खाली आणतो,
म्हणतो, इथे कधीकधी बिबट्या बसतो.
चौदा माणसं गप्प. चौदा दुर्बिणी फांदीन् फांदी चाचपतात.
बिबट्या नसतो.
मला तिथे कधीच दिसलेला नाही.

झाडाखाली गवतात एक दगड आहे, मधोमध खळगा पडलेला.
आजी त्यावर ज्वारी भरडायची.
एका सकाळी ट्रक आले, माणसं कुंपणाबाहेर गेली,
झाड आणि दगड आत राहिले.
आता प्राण्यांचा मुलूख. खाली उतरायला मनाई.
मलाही.
म्हणून काच चार बोटं उघडतो.
चार मिनिटं परक्या देशांतली चौदा माणसं
माझ्या आजोबांच्या अंगणाकडे
पापणी न हलवता बघतात.

मागच्या खेपेला कुणीतरी अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं होतं,
चालक चांगला, पण उगाच आशावादी.

मिसेस ओल्सेननी यंदा दुर्बीण उचललीच नाही.
उशी मांडीवर, नजर आरशातून थेट माझ्यावर.
मग म्हणाल्या, घाई नाही आम्हाला.
सहा मिनिटं झाली. सात.
मागचा मुलगा चिप्स खायला लागला.

सहाच्या आत फाटक. वहीत सही. सगळे बाहेर.

रात्री बस झाडताना आईचा फोन येतो.
ती पगार विचारत नाही, पाहुणे कसे होते तेही नाही.
दिसला का बिबट्या?
मी सांगतो, फळ धरलंय. खाली सडा पडलाय पिवळा.
दगडाभोवती माकडं भांडत होती.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग भांडी वाजतात.
किती माकडं, ती विचारते.